साडेअकराला आम्ही ढगात होतो

बायको: म्हणजे जायचं, उतरायचं, आणि त्याच विमानात बसून परत यायचं?

नवरा: विमान तेच. खुर्च्या कदाचित बदलतील.

बायको: अहो, बहिणीकडे अशी जातात का माणसं?

नवरा: नीट ऐकून घे. विमान इथून अकरा दहाला सुटतं. पस्तीस मिनिटांत तिथं, म्हणजे पावणेबारा. तेच विमान सव्वाबाराला परत फिरतं. मधे अर्धा तास. तुझी ताई आणि तिचे मालक विमानतळावर येतील. तुम्ही दोघी भेटाल, बोलाल, रडायचं असेल तर तेही त्यातच बसवा. जेवायला आपण आपल्या घरी.

बायको: अर्ध्या तासात होतंय का?

नवरा: सकाळीच करून झाकून ठेवायचं.

बायको: मी भेटीचं विचारतेय, जेवणाचं नाही. आधी म्हणायचात, लांब पडतं. मग म्हणालात, वाटेत घाट आहे. मग कंबर आली. कंबर बसमध्ये बसत नाही म्हणून किती वर्षं काढलीत. आता विमान सुरू झालं, कंबरेला कळायच्या आत माणूस पोहोचतो, तर म्हणे उतरून लगेच मागे.

नवरा: माझी हरकत अंतराला कधीच नव्हती. अंतराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

बायको: भाऊजींना.

नवरा: चहा पितोय मी. निदान कप संपेपर्यंत तरी त्या माणसाचा विषय नको.

बायको: सख्खे साडू तुम्ही. सात किलोमीटरसाठी बोलणं टाकलंत.

नवरा: सात किलोमीटरसाठी नाही, इज्जतीसाठी. सगळी नोकरी माझी रस्ते खात्यात गेली. या गावापासून त्या गावापर्यंतचा एकेक मैलाचा दगड मी उभा राहून रोवून घेतलाय. दगड सांगतात दोनशे बारा. आणि हा बँकेतला मॅनेजर, स्वतःच्या लेकीच्या लग्नात, भरल्या हॉलमध्ये म्हणतो, आमच्या गाडीचा मीटर दोनशे एकोणीस दाखवतो, मग मधले सात किलोमीटर कुणी खाल्ले? मी, ज्यानं कंत्राटदाराचा चहासुद्धा कधी घेतला नाही. आणि लोक हसले.

बायको: तुम्हीही काही कमी बोलला नाहीत.

नवरा: मी एवढंच म्हणालो, की मीटर मालकावर गेलाय. फुगवून सांगतो.

बायको: त्यावर लोक जास्त हसले. म्हणून त्यांना जास्त लागलं.

नवरा: ते विनोदाच्या दर्जाचं झालं. त्याला मी काय करू?

बायको: हे बघा, मला तुमच्या आकड्यांत पडायचं नाही. ताईला फोनवर आता काहीच ऐकू येत नाही. मी फोन करते, तो भाऊजी घेतात. मी विचारते, ते तिला ओरडून सांगतात, मागून तिचा आवाज येत राहतो, पाच-पाच मिनिटं ती बोलत असते, हातवारे करत असणार. आणि भाऊजी मला सांगतात, ‘ठीक आहे म्हणते.’

नवरा: बँकेत सवय लागते. सगळं एका ओळीत.

बायको: समोर बसून, तोंडाकडे बघून बोललं तरच कळतं तिला. डॉक्टर म्हणाले, एक कान गेलेलाच आहे, दुसरा निघालाय. तो जायच्या आत मला तिच्याशी बोलायचंय. माझ्या तोंडानं, तिच्या कानात. मधे मॅनेजर नकोत.

नवरा: ...तिकिटं काढतो. पण परतीची त्याच विमानाची.

बायको: काढा.

नवरा: एवढ्यात हो म्हणालीस?

बायको: अर्धा तास तर अर्धा तास. बॅग मी भरते.

नवरा: अर्ध्या तासाला बॅग कशाला?

बायको: रिकाम्या हातानं विमानात बसलेलं बरं दिसत नाही.

*

नवरा: हिशेब मांड. घरापासून विमानतळ दीड तास. तिथं दोन तास बसून राहिलो. विमान पस्तीस मिनिटं. हे दोन विमानतळ एकमेकांना जवळ आहेत गं. आपल्याला दोन्ही लांबच.

बायको: खिडकीतून बघा जरा. सगळे बघतायत.

नवरा: त्या काउंटरवरच्या मुलीनं तुझं वजन विचारलं, तेव्हा तू तिच्या कानात काय सांगितलंस?

बायको: विमान छोटं आहे. वजनं बघून माणसं डावी-उजवी बसवतात, म्हणाली.

नवरा: लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी सांगितलं नाहीस. विमान कंपनीला पहिल्याच भेटीत.

बायको: तुम्ही मला कधी नीट तोलून बसवलंत?

नवरा: श्श. पायलट बोलतोय.

बायको: काय म्हणाला? एकशे एकतीस?

नवरा: हवेतलं अंतर एकशे एकतीस किलोमीटर, म्हणाला.

बायको: हा तिसराच आकडा. म्हणजे यानं तर एक्क्याऐंशी किलोमीटर खाल्ले. उतरल्यावर याच्याशीही बोलणं टाकणार का?

नवरा: पायलटला घाट लागत नाही. वळणं लागत नाहीत. मधे कुणाचं शेत येत नाही, कोर्टात कुणी जात नाही. सरळ जाणं त्याला परवडतं.

बायको: बरं. तो खाली दिसतोय तो कुठला रस्ता?

नवरा: कुठे? ...माझाच आहे तो.

बायको: शिवणीच्या दोऱ्यासारखा दिसतोय.

नवरा: त्या वळणावर आम्ही दोन उन्हाळे तंबूत काढले. मी म्हटलं होतं साहेबांना, हे वळण वरून बघितलं तर फार छान दिसेल. ते म्हणाले, वरून कोण बघणार आहे?

बायको: दगड दिसतायत का?

नवरा: नाही. इतक्या उंचीवरून दगड नाही दिसत.

बायको: अहो, चहा संपवा. ती मुलगी कप न्यायला आली.

नवरा: आत्ताच तर दिला. अजून फुंकर मारतोय.

बायको: तुमची फुंकर होईपर्यंत चाकं टेकतील. द्या तो कप.

*

साडू: या. ये धाकटे. बऱ्याच वर्षांनी. केस पिकवलेस की गं.

बायको: नमस्कार भाऊजी. तुमचे तर पिकून गेलेसुद्धा. ताई कुठेय? गाडीत बसलीय?

साडू: आली नाही.

बायको: आली नाही म्हणजे?

साडू: पहाटेपासून तिला ओरडून सांगतोय, विमानतळावर चल, अर्धा तासच आहे. आधी ऐकू आलं नाही. मग ऐकू आलं, तर म्हणाली, ‘मी काय विमानतळ आहे? मला भेटायचं तर घरी यावं लागेल.’ आणि देवाशपथ सांगतो, यात मी एक शब्द कमी केलेला नाही.

बायको: घर किती लांब आहे इथून?

साडू: सव्वा तास.

बायको: मग झालंच की. अहो, ऐकलंत का? अहो? गेले कुठे हे?

साडू: त्या काचेपलीकडे बघ. काउंटरकडे गेले. आल्यापासून माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मी त्यांच्याकडे बघत होतो.

बायको: परतीचा बोर्डिंग पास घ्यायला गेले असतील.

साडू: आत्ता? जाऊ दे, जाऊ दे. येतील फिरून.

बायको: म्हणजे मी इथवर येऊन ताईला न बघता जाणार.

साडू: तू त्या बाकावर बस. पाणी पी. तोंड केवढंसं झालंय तुझं. हे बघ, आलेच.

नवरा: तू ऐकून घे आणि मला सांग, मी कुठे चुकतोय का. ती मुलगी म्हणते, काउंटर बंद झालं.

बायको: कधी?

नवरा: साडेअकराला. विमान सुटायच्या आधी पाऊण तास बंद होतं म्हणे. मी म्हटलं, बाई, साडेअकराला आम्ही ढगात होतो. ती म्हणाली, काउंटर जमिनीवर आहे. मी म्हटलं, ते समोर उभं आहे ना, त्याच विमानातून मी आत्ता उतरलोय, माझी खुर्ची अजून कोमट असेल. ती म्हणाली, उतरायला तुम्हाला उशीर झालेला नाही काका, चढायला झालाय.

बायको: म्हणजे?

नवरा: म्हणजे आपण यायच्या आधीच आपल्याला निघायला उशीर झाला होता.

बायको: मग असं तिकीट देतातच कशाला?

नवरा: तेही विचारलं. ती म्हणाली, तिकीट द्यायची मशीन वेगळी आहे. पास कालच मोबाइलवर घेऊन ठेवता आला असता म्हणे. का नाही घेतलात, विचारत होती. मी म्हटलं, राहिलं.

बायको: तुमचं राहिलं? बसस्टँडवर तासभर आधी जाऊन ड्रायव्हरला उठवणारे तुम्ही.

नवरा: वय झालं.

बायको: पुढचं विमान कधी?

नवरा: गुरुवारी.

साडू: धाकटे, त्यांना सांग, बस असते. दीडला सुटते.

बायको: ऐकलंत? बस आहे.

नवरा: त्यांना सांग, माझी कंबर बसमध्ये बसत नाही. हे सगळ्या नात्याला माहीत आहे.

साडू: मग त्यांना सांग, गाडी बाहेर उभी आहे आणि पार्किंगचा मीटर चालू आहे.

नवरा: त्यांना सांग, त्यांच्या कुठल्याही मीटरवर माझा विश्वास नाही.

बायको: दोघेही गाडीत बसा.

*

साडू: धाकटे, विचार त्यांना, पुढची काच खाली करू का.

बायको: ते पुढेच बसलेत, भाऊजी. तुमच्या कोपराला त्यांचं कोपर लागतंय.

नवरा: सांग, असू दे म्हणावं.

बायको: मी काय टेलिफोन आहे का? मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसलेय. एकमेकांशी बोलत नसाल तर गप्प बसा. मला ताईशी काय काय बोलायचं ते आठवू द्या.

साडू: ...

नवरा: ...

बायको: इतकंही गप्प नको. भाऊजी, घराचं काय काय केलंत? ताई फोनवर काहीतरी रंगाचं सांगत होती, तुम्ही त्याचंही ‘ठीक आहे’ केलंत.

साडू: रंग काढलाय घराला. आत झालं, आता फाटक राहिलंय. मी म्हटलं हिरवं करू, धाकटीकडे आहे तसं. तर तुझी ताई म्हणते, हिरव्यावर धूळ दिसते.

बायको: हो, दिसते खरी. रोज पुसावं लागतं.

नवरा: गाडी बाजूला घ्या.

साडू: काय झालं? कंबर?

नवरा: आमचं फाटक पूर्वी काळं होतं. हिरवं मी रिटायर झाल्यावर केलं. त्याच्या कितीतरी आधी आपलं बोलणं बंद झालेलं. तुम्हाला कुणी सांगितलं हिरवं आहे म्हणून?

साडू: फोनवर... धाकटी बोलली असेल.

बायको: फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता?

साडू: असंच एकदा कामानं तिकडे येणं झालं होतं. बँकेच्या.

नवरा: रिटायर झालेल्या मॅनेजरला बँक दोनशे किलोमीटरवर कामाला पाठवते?

साडू: ...मीटर तपासायला आलो होतो.

नवरा: कुठला मीटर?

साडू: गाडीचा. मेकॅनिककडून नीट करून घेतला, नवे टायर घातले, आणि निघालो. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. आमच्या दारासमोर तुमचा पहिला दगड आहे, तिथून शून्य धरलं.

नवरा: किती आले?

साडू: तुमच्या गावच्या पोस्टासमोर तुमचा शेवटचा दगड आहे. तिथं दोनशे बारा. जराही कमी-जास्त नाही.

नवरा: म्हणजे दगड बरोबर.

साडू: दगड बरोबर. मग तसाच पुढे आलो. तुमच्या फाटकाशी दोनशे एकोणीस.

बायको: म्हणजे ते सात किलोमीटर...

साडू: पोस्ट ते तुमचं घर. लग्नाच्या वेळी मी तुम्हाला घ्यायला घरापर्यंत आलो होतो ना. मीटर दारापासून दारापर्यंत मोजत होता. दगड पोस्टापर्यंतच आहेत.

बायको: थांबा जरा. अहो, तुमचं ऑफिस पोस्टाला लागून. सबंध नोकरीभर रोज सकाळी तेवढे सात किलोमीटर स्कूटरवरून जायचात, आणि संध्याकाळी तेवढेच परत.

नवरा: हो.

बायको: आणि तुमच्या लक्षात आलं नाही?

नवरा: रागात वजाबाकी सुचत नाही.

साडू: मला तर बँकेत असून सुचली नाही.

बायको: धन्य आहात. भाऊजी, फाटकापर्यंत आलात, मग आत का नाही आलात?

साडू: काय सांगून येणार? यांचे दगड खरे निघाले, माझा मीटरही खरा निघाला. आत येऊन भांडायचं तरी कशावर?

नवरा: मी घरी नव्हतो का?

साडू: होतात की. व्हरांड्यात. पेपर मांडीवर, चष्मा कपाळावर, आणि तुम्ही चष्मा शोधत होता. खुर्चीखाली बघितलंत, कुंडीमागे बघितलंत.

नवरा: हाक मारायची.

साडू: तोंडापर्यंत आली होती.

नवरा: मग?

साडू: चष्मा कपाळावर आहे, हे बोलणं टाकलेल्या माणसानं कसं सांगायचं?

बायको: किती वेळ उभे होतात?

साडू: सापडेपर्यंत. काढू का आता गाडी?

नवरा: काढा. पुढच्या वळणावर जरा जपून. उतार उलटा बांधलाय.

साडू: तुमच्याच खात्यानं.

नवरा: माझ्या वरच्या साहेबांनी. मी तेव्हाच म्हटलं होतं, इथं गाडी बाहेर ओढली जाणार. जाते ना?

साडू: जाते. मला वाटायचं, गाडीतच दोष आहे.

नवरा: छे. गाडी चांगली ठेवलीय तुम्ही.

बायको: आता काच खाली करायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

*

(ताईच्या घरातली पाहुण्यांची खोली. दुपारची जेवणं आटोपली आहेत. पलंगावर न उघडलेली बॅग.)

नवरा: स्वयंपाकघरात केवढ्यानं ओरडत होतात दोघी. मला वाटलं, आता तुमचंही बोलणं बंद होणार.

बायको: तिला ऐकू यायला मी ओरडते. मी ओरडले की तीही ओरडते. मग हसायला आलं दोघींना, आणि हसायचं काही थांबेना. शेजारीण येऊन बघून गेली.

नवरा: काय म्हणाली ताई?

बायको: ठीक आहे म्हणते.

नवरा: एवढा वेळ बोलून एवढंच?

बायको: तुम्हाला एवढंच. बाकीचं आमचं आहे. आणि रात्रीचं अजून शिल्लक आहे, उद्याचं आहे, परवाचं आहे. तुम्ही दोघे काय करत होतात?

नवरा: मॅनेजर गाडीचा मीटर दाखवत होते. चांगला आहे.

बायको: हा घ्या पायजमा. कपडे बदला.

नवरा: पायजमा कुठून आला? आपण तर अर्ध्या तासासाठी निघालो होतो.

बायको: मी घातला होता बॅगेत.

नवरा: का?

बायको: तुम्ही तिकिटं काढलीत, त्याच दुपारी मी विमान कंपनीला फोन केला. म्हटलं, आम्ही पावणेबाराला उतरून सव्वाबाराला परत बसणार आहोत, चालेल ना? तिथला मुलगा बराच वेळ हसला. मग म्हणाला, आजी, तुम्ही पोहोचाल तेव्हा काउंटर बंद झालेलं असेल.

नवरा: आणि तू मला बोलली नाहीस.

बायको: बोलले असते तर तुम्ही तिकिटंच रद्द केली असती.

नवरा: म्हणजे मला फसवून आणलंस. त्या बाकावर बसून तोंड केवढंसं केलं होतंस.

बायको: करावं लागतं. हे सरका जरा, तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या काढते. तीन दिवसांच्या घातल्यात मी वरच्या कप्प्यात. या बघा.

नवरा: हं. दे इकडे.

बायको: आणि ही आख्खी पट्टी कसली? खालच्या कप्प्यात, मोज्यात गुंडाळून ठेवलेली.

नवरा: बघू. ...माझीच दिसते.

बायको: ही मी नाही ठेवली.

नवरा: असेल जुनी राहिलेली.

बायको: बॅग नवी आहे. आणि हे दाढीचं सामान? अहो, हे तर आज सकाळी घरी आरशासमोर होतं. मी निघताना शोधत होते, सापडलं नाही.

नवरा: बॅगेत गेलं असेल.

बायको: आपल्या पायांनी? अहो, माझ्याकडे बघा. परतीची तिकिटं काढताना, काउंटर कधी बंद होतं ते वाचलं होतंत तुम्ही?

नवरा: मी रस्त्यांचा माणूस. विमानातलं मला काय कळतं?

बायको: बरं. कपडे बदलून पडा थोडे. गुरुवारी परत तेच विमान आहे. या वेळी तरी काउंटर कधी बंद होतं, ते भाऊजींना नीट विचारून ठेवा.

नवरा: विचारलं मघाशी.

बायको: काय म्हणाले?

नवरा: म्हणाले, मला माहीत नाही. मीही म्हटलं, मलाही माहीत नाही.